नऊ हजार नोंदी आणि एका दिवसाचा उशीर: माझा अनुभव

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे गेल्या वर्षी असा प्रश्न आला की पुस्तके मुदतीत परत येत नाहीत, तेव्हा विलंब शुल्क वाढवावे का. बैठकीत प्रत्येकाला मत होते, पण आकडे कोणाकडेच नव्हते. देवघेवीच्या दोन वर्षांच्या नोंदी संगणकात पडून होत्या आणि त्या स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेता येत होत्या. मी ते काम स्वतःकडे घेतले. त्या वेळी मला बेरीज, सरासरी आणि साधा स्तंभालेख एवढेच येत होते. पुढचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी या नोंदींसोबत बसले.

नोंदी सुमारे नऊ हजार होत्या. प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक, पुस्तक दिल्याची तारीख आणि परतीची तारीख असे चार रकाने होते. पुस्तक किती दिवस बाहेर राहिले हे कळण्यासाठी परतीच्या तारखेतून दिल्याची तारीख वजा करायची, एवढे साधे सूत्र मी पहिल्या ओळीत लिहिले आणि खालपर्यंत ओढले. उत्तरे पाहून मी थबकले. काही ओळींत त्रुटीचा संदेश होता, काही ओळींत उणे संख्या होत्या, म्हणजे पुस्तक देण्याआधीच परत आले होते, आणि काही ओळींत दीडशेच्या वरचे आकडे होते.

कारण शोधताना मला प्रथमच नीट समजले की स्प्रेडशीटच्या दृष्टीने तारीख ही एक संख्या असते. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक आहे आणि तिथून मोजत आल्यावर १ जानेवारी २०२४ चा क्रमांक ४५,२९२ येतो. आपल्याला दिसतो तो त्या संख्येवर चढवलेला पेहराव असतो. आमच्या नोंदींत तारखा आधी दिवस, मग महिना अशा क्रमाने होत्या, पण संगणकाची मांडणी आधी महिना वाचणारी होती. त्यामुळे ५ मार्चला दिलेले आणि १० मार्चला परत आलेले पुस्तक ३ मे ते ३ ऑक्टोबर असे १५३ दिवस बाहेर राहिलेले दिसत होते. १५ मार्चसारखी तारीख आली की पंधरावा महिना नसल्याने ती तारीख न राहता नुसता मजकूर बनत होती आणि वजाबाकीत त्रुटी येत होती. त्रुटी दिसणाऱ्या ओळी एका अर्थी सुरक्षित होत्या, कारण त्यांनी स्वतःच आपले चुकणे जाहीर केले होते. धोका त्या ओळींचा होता ज्यांतले उत्तर चुकीचे असूनही शक्य कोटीतले वाटत होते. मी सगळ्या नोंदी नव्याने आयात केल्या, आयात करताना दोन्ही रकान्यांचा प्रकार दिवस-महिना-वर्ष असा निवडला आणि खात्रीसाठी महिना अक्षरांत दिसेल अशी मांडणी ठेवली. उणे संख्यांतील बहुतेक त्याबरोबर नाहीशा झाल्या.

ज्या उणे संख्या उरल्या त्या मात्र प्रचंड होत्या, जवळजवळ उणे ४५ हजार. ही अजून परतच न आलेली पुस्तके होती. रिकामा सेल वजाबाकीत शून्य धरला जातो आणि शून्यातून तारखेचा क्रमांक वजा होतो. या ओळी वगळून टाकणे सोपे होते आणि पहिल्या दिवशी मी तेच केले. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की असे केले तर सर्वांत जास्त उशीर झालेली पुस्तकेच हिशेबातून बाहेर जातात आणि वाचनालयाचे चित्र आहे त्यापेक्षा चांगले दिसते. मग मी इफ हे फंक्शन, म्हणजे अट तपासून उत्तर देणारे स्प्रेडशीटमधले तयार सूत्र, वापरले: परतीची तारीख रिकामी असेल तर तिच्या जागी अहवालाची तारीख धरायची. त्यासाठी रोज बदलणारे टुडे हे फंक्शन न घेता एका वेगळ्या सेलमध्ये ठरावीक तारीख लिहून ठेवली, कारण आज काढलेला आकडा उद्याही तोच यायला हवा होता.

यानंतर विभाग जोडायचे होते. कोणते पुस्तक कादंबरीचे, कोणते बालविभागाचे, ही माहिती पुस्तकांच्या वेगळ्या यादीत होती. त्यासाठी मी व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतला क्रमांक दुसऱ्या यादीत शोधून त्यापुढची माहिती आणणारे फंक्शन, शिकले आणि त्याने मला पुरते फसवले. या फंक्शनच्या कंसात चौथ्या जागी जुळणीचा प्रकार लिहिला नाही, तर ते तंतोतंत जुळणी न शोधता जवळची जुळणी घेते आणि यादी क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरते. आमची यादी पुस्तक क्रमांकाने लावलेली नव्हती. त्रुटीचा एकही संदेश न येता शेकडो पुस्तकांना भलतेच विभाग मिळाले आणि त्यावरून मी कवितासंग्रह सर्वांत उशिरा परत येतात असा निष्कर्ष वहीत लिहूनही ठेवला. आमच्याकडे कवितासंग्रह नेणारे वाचक मोजकेच आहेत आणि त्यांतल्या अनेकांना मी ओळखते, म्हणूनच मला शंका आली. दहा पुस्तके कपाटातून काढून हाताने तपासली तर सहांचे विभाग चुकलेले निघाले. चौथ्या जागी फॉल्स लिहिल्यावर विभाग बरोबर आले. नव्या आवृत्त्यांतील एक्सलुकअप मुळातच तंतोतंत जुळणी शोधते, त्यामुळे आता मी तेच वापरते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक तक्त्याखाली पडताळ्याची एक ओळ ठेवू लागले. अटीत बसणाऱ्या ओळी मोजणाऱ्या काउंटइफ्स या फंक्शनने काढलेल्या विभागवार नोंदींची बेरीज एकूण ओळींइतकी आली पाहिजे, एवढीच तिची अट. पहिल्याच वेळी ३७ नोंदी कमी भरल्या. काही विभागांच्या नावांपुढे रिकामी जागा टंकली गेली होती. जादा रिकाम्या जागा काढणाऱ्या ट्रिम या फंक्शनने बहुतेक नावे साफ झाली, पण वेब पानावरून चिकटवलेल्या मजकुरात एक वेगळ्या प्रकारची रिकामी जागा येते, जिचा संकेतांक १६० आहे आणि जी ट्रिमला काढता येत नाही. ती सबस्टिट्यूट हे एका अक्षराच्या जागी दुसरे घालणारे फंक्शन वापरून काढावी लागली. पुढे एकदा सरासरीच्या सूत्राची व्याप्तीच शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचत नव्हती, तेही या पडताळ्यामुळेच समजले. अशी चूक मोठमोठ्या अभ्यासकांकडूनही झालेली आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर २०१० मध्ये मांडलेल्या निबंधाच्या तक्त्यात सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या, आणि २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ स्प्रेडशीट मागवून पाहिली तेव्हा ते उघड झाले. हे वाचल्यावर मी माझी फाइल कार्यकारिणीतील आणखी दोघांना सूत्रांसकट तपासायला दिली.

आता खरे विश्लेषण सुरू झाले. आमची मुदत १५ दिवसांची आहे. पुस्तक बाहेर राहण्याची सरासरी १७ दिवस आली, म्हणजे शुल्क वाढवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरत होते. मध्यक, म्हणजे सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, मात्र १३ दिवस आला. वर्ष वर्ष न परतलेली थोडी पुस्तके सरासरीला वर ओढत होती आणि निम्म्याहून अधिक वाचक मुदतीत पुस्तक देत होते. उशिरा आलेल्या पुस्तकांची संख्या दुसऱ्या वर्षी वाढलेली होती हेही खरे, पण देवघेवच वाढली होती, आणि शेकडा प्रमाण काढल्यावर दोन वर्षांत फरक उरला नाही. पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे नोंदींचा गटवार सारांश आपोआप काढणाऱ्या तक्त्यात, विभाग ओळींत आणि वर्षे रकान्यांत टाकून हे प्रमाण पाहिले तेव्हा उशिरात बालविभाग सर्वांत पुढे दिसला.

इथेच थांबले असते तर मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर ठपका आला असता. मला थांबवले ते संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांच्या १९७३ मधल्या प्रसिद्ध उदाहरणाने. त्यांनी प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच रचले. चारही संचांत एका चलाची सरासरी ९ आणि दुसऱ्याची सुमारे ७.५ आहे, सहसंबंधही, म्हणजे दोन चले किती बरोबरीने बदलतात याचे मापही, जवळजवळ सारखाच आहे, आणि तरी आलेख काढला की चार पूर्णपणे वेगळी चित्रे समोर येतात. मी माझ्या नोंदींचे आतापर्यंत फक्त सारांश पाहिले होते, त्यांचा आकार पाहिला नव्हता.

आलेखांचे माझे पहिले प्रयत्न कामाचे नव्हते. अकरा विभागांच्या वृत्तालेखात कोणता तुकडा मोठा हे डोळ्यांना ठरवता येईना. स्तंभालेखात उभा अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू झाल्याने किरकोळ फरक दुप्पट-तिप्पट वाटत होता. मग मी पुस्तक किती दिवस बाहेर राहिले याचा आयतालेख काढला, प्रत्येक दिवसासाठी एक स्तंभ. चढत गेलेला उंचवटा पंधराव्या दिवशी संपून उतार लागावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सोळाव्या दिवसाचा स्तंभ शेजारच्या दोन्ही स्तंभांहून उंच होता.

लोक बरोबर एकच दिवस उशीर का करत असतील, याचा विचार करत मी दोन दिवस घालवले. शेवटी वीकडे या फंक्शनने प्रत्येक पुस्तक कोणत्या वारी दिले ते काढले आणि सोळा दिवसांच्या नोंदी वारांप्रमाणे मोजल्या. जवळजवळ सगळ्या रविवारच्या निघाल्या. पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे आणि वर एक दिवस, त्यामुळे रविवारी नेलेल्या पुस्तकाची मुदत सोमवारी संपते, आणि सोमवारी आमच्या वाचनालयाला साप्ताहिक सुट्टी असते. सभासद मंगळवारी येऊन उशीर केलेले ठरत होते. मुले पालकांबरोबर मुख्यतः रविवारी येतात, म्हणून बालविभाग सर्वांत दोषी दिसत होता. हे समजले त्या रात्री मला फार आनंद झाला, आणि आजवर त्या मुलांकडून घेतलेल्या शुल्काचे वाईटही वाटले.

बैठकीत मी दोनच आलेख नेले: तो आयतालेख आणि वारांप्रमाणे काढलेला स्तंभालेख. शुल्कवाढीचा ठराव मागे घेण्यात आला आणि मुदत सोमवारी संपत असल्यास ती मंगळवारपर्यंत धरावी असे ठरले. नवा नियम इफच्या एका सूत्रात बसवून मी तो जुन्या नोंदींवर चालवून पाहिला तेव्हा बालविभाग बाकीच्या विभागांच्या बरोबरीला आला. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर असलेली पुस्तके फिल्टर लावून वेगळी काढली, ती ६२ होती. त्यांची यादी आता ग्रंथपालांच्या टेबलावर आहे आणि त्या सभासदांना एकेक करून फोन केले जात आहेत.