तब्येत विचारता, मग संपाचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधून वयस्क माणसांच्या तब्येतीचा अभ्यास करत हिंडते, तेव्हा हे हमखास ऐकू येतं. गुडघे, साखर, झोप विचारून झालं की गिरणीसंपात नवरा मुंबईहून कधी परतला, तेव्हा मुलं केवढी होती, असं मी विचारते. लगेच समोरून येतं, "आता संपाचा कित्याक इचारतास?"

कारण संप सगळ्यांवर एकाच दिवशी आला, पण एकाच वयात आला नाही. 18 जानेवारी 1982 पासून मुंबईच्या गिरण्या थांबल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत आपले चाकरमानी कितीतरी. गावाकडची मनीऑर्डर आटली. बाविशीतला गडी ड्रायव्हिंग शिकून दुसरीकडे लागला. पंचेचाळिशीतला बिऱ्हाड गुंडाळून गावी आला, हातात साच्यावरचं, म्हणजे गिरणीतल्या मागावरचं कसब आणि समोर कातळ. त्याच्या थोरल्या मुलीची शाळा सुटली; संपानंतर जन्मलेला धाकटा कॉलेजात गेला.

अमेरिकेत ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञांनी 1930च्या दशकातल्या महामंदीत वाढलेल्या मुलांबाबत असंच पाहिलं. 1920-21 साली जन्मलेली ओकलंडची मुलं तोवर कळती झाली होती, घराला हातभार लावता लावता बरीचशी सावरली. 1928-29 सालच्या बर्कलीच्या मुलांना, त्यातही मुलग्यांना, तीच मंदी फार जड गेली.

शरीराचा हिशेब तर जन्माआधीच सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेत आले आहेत. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोंची. पण या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी मात्र राखलेली. पुढच्या मधुमेहाची एक वाट तिथून निघते. आता त्या आईच्या ताटात काय पडत होतं, घरात शेवटी कोण जेवायचं, हे रक्त तपासून कळत नाही. ते ओटीवर बसून विचारावं लागतं. साखरेचा कागद दवाखान्यात, स्थलांतराचा आकडा जनगणनेत, आणि बाई एकच, याचा मला मनापासून राग येतो.

2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. पुरुष पोटापाण्यासाठी बाहेर; लावणी, गुरं, सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं घरच्या बाईवर. तिच्या गुडघ्यांबद्दल बोलताना हे कसं वगळू?

पुष्कळांना सालं आठवत नाहीत. म्हणून कोयनेचा 1967चा भूकंप, संप, 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे अशा खुणा कागदावर मांडते आणि त्यांच्या बाजूला लग्न, बाळंतपणं, आजारपणं लिहून घेते. पुढच्या खेपेला मी येईन तेव्हा ट्रंकेत जुनी मनीऑर्डरची कुपनं सापडली तर काढून ठेवा. त्यांवर टपालाचा शिक्का असतो, त्यामुळे पैसे कधी थांबले ते नेमकं लावता येईल.