चुकलेल्या डोसनंतर

कागल तालुक्यातल्या एका गावातून सत्तरी उलटलेल्या आजींना मुलाने गाडीच्या मागच्या सीटवर झोपवूनच कोल्हापूरला आणले. पडझड काही झाली नव्हती, गोठ्यात वैरण टाकताना पाठीत कळ आली एवढेच. तरी एमआरआयमध्ये तीन मणके एकदम चेपलेले होते आणि ‘क्षयरोग किंवा कर्करोग नाही याची खात्री करावी’ असा शेरा होता. घरच्यांच्या डोक्यात त्यातला कर्करोगच राहिला.

मणक्यांमधल्या चकत्या शाबूत होत्या, बाजूला पू नव्हता, त्यामुळे क्षयरोगाची शक्यता कमी वाटली. मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी केलेली रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीही निर्दोष आली. कॅल्शियम, पॅराथायरॉइड, क्रिएटिनीन या रक्तचाचण्यांत वावगे काही नव्हते. हाडे किती वेगाने विरघळत आहेत हे दाखवणारी सीटीएक्स चाचणी मात्र कमालीची वाढलेली होती, आणि ती पाहून मी जुनी फाइल पुन्हा उघडली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी हाडांच्या ठिसूळपणावर डेनोसुमॅबची 60 मिलिग्रॅमची इंजेक्शने सुरू केली होती. शेवटचे घेऊन वर्ष होत आले होते.

“दुखायचं थांबलं की वो, मग सुई कशाला?” आजी म्हणाल्या.

हे औषध हाड पोखरणाऱ्या पेशी तयार होऊ देत नाही, पण त्याचा असर साधारण सहा महिनेच टिकतो. पुढचा डोस चुकला की तुंबलेल्या पेशी राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांसारख्या एकामागोमाग सुटतात आणि हाडांची कमावलेली घनता वर्षा-दोन वर्षांत निघून जाते. ठिसूळपणावरची दुसरी औषधे, ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड, हाडात वर्षानुवर्षे साठून राहतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत असे होत नाही. फाइलवर ‘सहा महिन्यांनी पुन्हा’ इतकेच होते. पुन्हा न आल्यास काय होईल हे लिहायला अर्धी ओळ लागली असती, आणि ती न लिहिणाऱ्याला बेफिकीर म्हणण्याचा मोह मला अजून आवरत नाही.

मुलाला मणक्यांत सिमेंट भरून हवे होते. मी नकार दिला, कारण या अवस्थेत औषधाविना सिमेंट भरले तर शेजारचे मणके खचण्याची भीती असते. टेरिपॅराटाइड हे औषध हाड बांधते खरे, पण डेनोसुमॅबनंतर एकटे दिल्यास खुब्याची घनता आधी घटू शकते. म्हणून डेनोसुमॅबच पुन्हा सुरू केले, सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि कमरेचा पट्टा दिला. पुढे कधीतरी ते थांबवताना झोलेड्रोनिक ॲसिड द्यावेच लागेल. ते शेवटच्या डोसनंतर नेमके सहाव्या महिन्यात द्यावे की सीटीएक्स चढू लागल्यावर, आणि एका सलाइनवर भागेल का, हे मात्र माझ्या मनात अजून ठरलेले नाही.