व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: ढगांच्या उजेडात कॅमेरा

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला, म्हणजे फुलांच्या दरीत, फोटोसाठी जायचं ठरलं की आधी वेळेचं गणित मांडावं लागतं. लँडस्केप करणारे आपण सगळे पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उजेडावर जगतो. कोकणकड्यावर सूर्यास्त घ्यायचा, रात्री तिथेच पथारी टाकायची आणि उजाडायच्या आत पुन्हा ट्रायपॉडपाशी उभं राहायचं, ही सह्याद्रीतली सवय. इथे ते चालत नाही. राष्ट्रीय उद्यानाचं फाटक सकाळी ७ ला उघडतं, दुपार कलली की नव्याने कुणाला आत सोडत नाहीत, आणि संध्याकाळी ५ च्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं. आत मुक्काम नाही, तंबू नाही, खेचरं नाहीत, ड्रोन नाही. ज्या दोन वेळांसाठी आपण जीव टाकतो, त्या दोन्ही फाटकाबाहेरच संपतात.

हे नियम मला मनापासून पटतात. साडेसत्याऐंशी चौरस किलोमीटरच्या या उद्यानात माणसाच्या वाट्याला येते ती जेमतेम एक पायवाट, आणि म्हणूनच तिथे अजून फुलं आहेत. पण मग फोटोची आखणी उलट्या बाजूने करावी लागते. सोनेरी उजेड मिळणार नाही हे धरून चालायचं आणि जो उजेड मिळेल त्यात काय उत्तम होतं ते शोधायचं. जुलै-ऑगस्टमध्ये हा उजेड म्हणजे ढग. ढगाळ दिवशी सावल्या कडक पडत नाहीत, पाकळीचा रंग जळत नाही आणि भर दुपारीसुद्धा काम करता येतं. म्हणून आम्ही मुद्दाम पावसाळ्याच्या ऐन मध्यावरचे दिवस निवडले.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मोठी बहीण. ताईने आयुष्यभर साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवलं. कासच्या पठारावर तिच्याबरोबर चालताना मी फोटो काढायला शिकले, कारण ती कुठल्याही फुलापाशी घाईने उठू देत नाही.

ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटरच्या आसपास. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असं अलकनंदेच्या कडेकडेने वर जायचं. पावसाळ्यात या रस्त्यावर दरड कोसळणं नेहमीचंच, त्यामुळे परतीच्या तिकिटाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवलेच पाहिजेत. आमचीही गाडी एका ठिकाणी तासन् तास अडकली. पलीकडे जेसीबी दगड ढकलत होता, अलीकडे गाड्यांची रांग, आणि चहावाल्याकडे भुट्टे भाजले जात होते. जवळच्या हेमकुंड या शिखांच्या तीर्थस्थानालाही जायचं असेल तर यात्रेची ऑनलाइन नोंदणी घरूनच करून निघावं, कारण वरच्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. रोख पैसेही पुरेसे जवळ असू द्यावेत.

जोशीमठच्या पुढच्या गोविंदघाटहून जीपने पुलनापर्यंत जाता येतं, आणि पुढे मुक्कामाच्या घांगरियापर्यंतची नऊ-दहा किलोमीटरची चढण पायी. सामान खेचरावर टाकता येतं. मी कपड्यांची सॅक खेचरावर दिली आणि कॅमेऱ्याची बॅग पाठीवर ठेवली. खेचरं कडेच्या दगडाला घासत चालतात, लेन्सचं त्यात काही खरं नाही. वाटेत भ्यूंडार गाव लागतं. जून २०१३ च्या महापुराने या गावाचं आणि या वाटेचं मोठं नुकसान केलं, आणि नदीच्या पात्रातले धोंडे बघितले की त्या पाण्याच्या जोराची कल्पना येते.

घांगरिया ३ हजार मीटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर. तिथे पोचलं की धावपळ नको. भरपूर पाणी, हलकं जेवण आणि लवकर झोप. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र संध्याकाळची काही कामं चुकवून चालत नाहीत. विजेचा भरवसा नसल्याने ती असेल तेव्हा बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. आणि बाहेरून गारठलेला कॅमेरा गरम खोलीत आणला तर बॅग लगेच उघडायची नाही, नाहीतर काचेवर आतून-बाहेरून दव धरतं. तासभर बॅग बंद ठेवावी, आत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. लेन्स पुसायची कापडं मी उशीखाली ठेवून झोपायचे, म्हणजे सकाळी ती कोरडी मिळत. रेनकव्हर कितीही भारी असलं तरी माझ्या मते खरं काम साध्या छत्रीचं. ताई छत्री धरायची आणि मी खाली कॅमेरा लावायचे.

फाटकावर परवाना घेतला की वाट जंगलातून उतरत पुष्पावती नदीच्या पुलाशी येते. टिपरा हिमनदीकडून येणारं हे पाणी इथे अरुंद घळीतून दुधासारखं फेसाळत खाली धावतं. इथला फोटो सगळेच पुलावरून काढतात. पण कुणी पुलावरून चाललं की पूल थरथरतो, आणि अर्धा सेकंद शटर उघडं ठेवायचं तर तेवढी थरथरही भोवते. पूल ओलांडून वाटेच्या कडेच्या पक्क्या खडकावर ट्रायपॉड लावला तेव्हा पाण्याची रेशमी धार आणि दगडाची खरखरीत कड, दोन्ही मिळाली.

पुढची नागमोडी चढण दम काढते. दोन्ही बाजूंना भूर्जाची झाडं, म्हणजे ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत ते भोजपत्र. साल कागदासारखी पदर सुटून लोंबत असते. पर्यटक ती ओढून नेतात, हे बघून फार वाईट वाटलं. चढण संपून दरी एकदम उघडते तिथे पोचलो तर समोर काहीच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं. सोबत चढलेली बरीच मंडळी तिथूनच एकेक सेल्फी घेऊन मागे वळली.

माझं म्हणणं असं की खरं काम तिथेच सुरू होतं. धुकं दरीतला पसारा झाकतं. एरवी फ्रेममध्ये घुसणारे उतार, दरडी, माणसं, सगळं पुसलं जातं आणि जवळची फुलं तेवढी पुढे येतात. दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, पांढरं आभाळ फ्रेममध्ये घ्यायचं नाही, क्षितिज वर ढकलून द्यायचं. दुसरी, पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावायचाच. ऊन नसताना तो कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण ओल्या पानावर आभाळाची चमक पडते आणि हिरवा रंग पांढुरका दिसतो. फिल्टरची कडी हळूहळू फिरवली की ती चमक विझते आणि खालचा गर्द हिरवा वर येतो. उजेड एक-दोन स्टॉप (एका स्टॉपला निम्मा) कमी होतो, वारा असेल तर शटर वेगवान लागतं, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला दाद देण्याची पातळी, खुशाल वाढवायचा. थोडा दाणा आला तर चालतो, हललेलं फूल चालत नाही.

मग मधूनच धुकं फाटायचं, समोरच्या कड्याचा बर्फाचा पट्टा चमकायचा आणि पुन्हा मिटून जायचं. ट्रायपॉडवर फ्रेम आधीच बांधलेली असेल तरच तो क्षण हाती लागतो.

सगळीकडे गुलाबी-जांभळा तेरडा कमरेच्याही वर वाढलेला. ताई एका फुलापाशी थांबली, मागचं वळलेलं शेपूट बोटाने न शिवता दाखवत म्हणाली, "अगं, हा आपल्या कासच्या तेरड्याचा भाऊबंदच. फक्त तिथे बोटभर, इथे माणूसभर." कासला जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यात झाड वाढून वाढणार किती? इथे हिमनद्यांनी आणून टाकलेली खोल, ओलीगच्च माती. त्या एका वाक्याने माझी फ्रेमच बदलली. कासला मी पोटावर झोपून, फुलाच्या उंचीवरून आभाळ घेते. इथे पायवाटेवर उभं राहून फुलांच्या भिंतीतून पलीकडे बघायचं होतं. जूनमध्ये सह्याद्रीत उगवणाऱ्या सापकांद्याचा सख्खा नातलगही इथे भेटला, तोच नागाचा फणा, झाडांच्या सावलीत.

निळी पॉपी मिळायला मात्र डोळे ताणावे लागले. ती गर्दीत वाढत नाही. वाटेच्या वरच्या अंगाला, दोन खडकांच्या बेचक्यात एकच रोप होतं. देठ आणि पानं बारीक काट्यांनी भरलेली, आणि वर पातळ कागदासारख्या चार पाकळ्या. निळा असा की एका पाकळीत जांभळ्याकडे झुकतो, दुसरीत आभाळाकडे, आणि मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. पावसाचे थेंब पाकळीवर न फुटता टपोरे बसले होते. वाट सोडायची नाही हा नियम, म्हणून अगदी जवळून काढायची मॅक्रो लेन्स बाजूला ठेवून लांबचं जवळ आणणारी टेली लावली. लांबून काढल्यामुळे मागचा खडक करड्या पडद्यासारखा विरघळला आणि निळा एकटा उभा राहिला. वारा थांबायची वाट बघत आम्ही तिथे पुष्कळ वेळ उभ्या होतो. ताईने एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

एक गोष्ट प्रत्येक फोटो काढणाऱ्याला माहीत असायला हवी. दरीत मोठमोठे पट्टेच्या पट्टे पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेले दिसतात. पॉलिगोनम त्याचं नाव, स्थानिक लोक त्याला अमेला म्हणतात. भरगच्च दिसतो, वाइड लेन्सला मोह पडतो. पण हेच झाड पसरत जाऊन बाकीच्या नाजूक फुलांची जागा खातंय, आणि वनखात्याला ते दरवर्षी उपटावं लागतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पाठोपाठ मेंढ्यांची चराई बंद झाली, आणि त्यानंतर याचं फावलं, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ताई यावर ठाम बोलत नाही. ती म्हणाली, "चराईने तुडवणूकही व्हायचीच की. एवढं सोपं नसतं ते." मी तो पांढरा पट्टा काढला, पण खाली त्याची हकिगत लिहिल्याशिवाय कुणाला दाखवत नाही.

दरीत आणखी पुढे जोन लेग यांची समाधी आहे. १९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती वाईट हवेत भ्यूंडार खिंड उतरून इथे आले, आणि त्यांच्या लिखाणामुळे ही दरी जगाला कळली. १९३९ मध्ये लेगबाई फुलांचे नमुने गोळा करायला आल्या आणि इथेच कड्यावरून पडून गेल्या. ताईने रेनकोटची टोपी काढली आणि भिजत उभी राहिली. तिथे मी कॅमेरा बाहेर काढला नाही.

एक दिवस हेमकुंडासाठी ठेवावा. चढ उभा आणि उंची ४ हजार मीटरच्या वर, त्यामुळे बॅगेतून एक कॅमेरा आणि एक लेन्स सोडून बाकी सगळं खाली ठेवून जावं. ब्रह्मकमळ याच वाटेवर, अगदी वरच्या टप्प्यात दिसतं. आपल्या गच्चीवर रात्री फुलणारं ते नव्हे. हे दिवसा उघडं असतं, फिकट पिवळसर पारदर्शक आवरणात जांभळी फुलं गुंडाळलेली. ढगातून उजेड मागून आला की ते आवरण कंदिलासारखं पेटतं. एक्स्पोजर थोडं कमी ठेवावं, नाहीतर आवरणाच्या शिरा उडून जातात.

फुलांच्या दरीला मात्र एकच दिवस देऊ नका. पहिल्या दिवशी वाट कळते, कुठल्या वळणावर काय फुललंय ते कळतं. दुसऱ्या दिवशी ७ ला फाटकावर हजर राहून थेट हव्या त्या जागी जाता येतं, दुपारचा पाऊस यायच्या आत. आमचे चांगले म्हणावेत असे जवळजवळ सगळे फोटो अशा पुन्हा गेलेल्या सकाळचेच आहेत.

सप्टेंबरात पाऊस ओसरला की फुलं कमी होतात, पण शिखरं मोकळी दिसतात आणि पानांना तांबूस रंग चढतो. सापकांद्याची फळंही तेव्हा लालभडक पिकलेली असतात, आणि ती बघायचीच असा ताईचा हट्ट आहे. त्यामुळे पुढच्या खेपेला सप्टेंबरच.