झीज की कमी उठलेली छाप? सरावाची चौथी नोंद

मागच्या वेळी एका बफेलो निकेलला (बायसनचं चित्र असलेलं जुनं अमेरिकी पाच सेंटचं नाणं) मी ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन, म्हणजे मध्यम झिजलेलं) ग्रेड लावून मोकळी झाले होते. ती चूक होती. नाणं १९२६चं, डेन्व्हर टांकसाळीचं. बायसनच्या शिंगाचं टोक दिसत नाही, एवढ्यावरून ते झिजलेलं ठरवलं. त्या वर्षीची डेन्व्हरची निकेलं तर कमी उठावासाठी, म्हणजे छापतानाच नक्षी पूर्ण न उठण्यासाठी, प्रसिद्धच आहेत!

या आठवड्यात खोलीत अंधार करून, एकाच बल्बखाली नाणं कडेनं धरलं आणि अगदी सावकाश कलतं केलं. झळाळीचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरत गेला. शिंगाजवळ तो थोडा मंदावला, पण तुटला नाही, आणि तिथला रंगही आजूबाजूसारखाच राहिला. झीज असती तर नेमका उंच भाग करडा, निस्तेज दिसला असता. मग १० पट भिंग लावलं. शिंगाच्या जागी बारीक खडबडीतपणा होता, म्हणजे छापण्याआधीच्या कोऱ्या चकतीचा पृष्ठभाग. धातू डायच्या (नाण्यावर नक्षी उमटवणाऱ्या ठशाच्या) सर्वांत खोल भागात सगळ्यात शेवटी पोहोचतो. दाब कमी पडला किंवा दोन डायमधलं अंतर जास्त राहिलं, तर तो तिथवर जातच नाही आणि चकतीवरचे मूळचे व्रण तसेच उरतात. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा फार आनंद झाला.

खरी झीज सापडली ती बायसनच्या मांडीवर, आणि तीही अगदी पुसट. म्हणून नवी ग्रेड एयू ५५ (अबाउट अनसर्क्युलेटेड, म्हणजे जवळजवळ न वापरलेलं). अमेरिकी नाणेतज्ज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ही ७० आकड्यांची पट्टी मांडली ती जुन्या लार्ज सेंटसाठी, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या एक सेंट नाण्यांसाठी. छापीचा कमकुवतपणा एका आकड्यात बसवणं मला अजूनही पटत नाही. त्यामुळे माझ्या पाकिटावर आता दोन ओळी असतात: ग्रेड वेगळी, छाप वेगळी.

‘एरर’च्या, म्हणजे टांकसाळीतल्या चुका असलेल्या नाण्यांच्या, डबीतली दोन नाणी बाद झाली. दोन्हींवर सालाचे आकडे दुहेरी दिसत होते, पण दुसरी रेघ सपाट, पायरीसारखी आणि मूळ आकडा त्या बाजूनं अरुंद झालेला. हे छापताना डाय हलल्याचं लक्षण. १९५५च्या प्रसिद्ध डबल डाय सेंटमध्ये दुसरं अक्षरही गोलसर, पूर्ण उठावाचं असतं, कारण तिथे हबनं (डाय बनवणाऱ्या मूळ ठशानं) डाय घडवतानाच ठसा दुहेरी पडला होता.

कड कापलेलं नाणं मात्र टिकलं. कापाच्या बरोबर समोरची कड पुसट आहे. कड उभारणाऱ्या यंत्रात त्या क्षणी समोर धातूच नव्हता, म्हणून इकडेही दाब पडला नाही. नंतर कानशीनं कापलेल्या नाण्यात ही खूण येत नाही.

चौथ्यावर चेहऱ्यातून गेलेली रेघ आहे. उठावाची असेल तर डायची चीर, खोलगट असेल तर नुसता ओरखडा. भिंगाखाली अर्धी उठावाची वाटते, अर्धी खोलगट. उजेड उलट्या बाजूनं टाकून उद्या पुन्हा बघणार आहे.