वावरातला पाय, नोंद ७ : फोटो ३२,७६८ वर अडतो

मागच्या नोंदीत हरभऱ्याच्या धुऱ्यावर कॅमेरा बसवून झाला होता. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: कारंजा तालुक्यातलं आमचं वावर, रात्री रोही (नीलगाय) अन् रानडुकरं, त्यापायी बाबांची रोजची जागल. मचाणीखाली डब्यात रास्पबेरी पाय ३ (छोटासा लिनक्स संगणक, पुढे नुसता 'पाय'), १२ व्होल्टची बॅटरी, फोरजी डोंगल. फोटो वायरगार्डमधून (इंटरनेटवरचा खासगी बोगदा) भाड्याच्या सर्व्हरवर जातो, तिथून मी घरी ओढतो.

आठ दिवस झकास चाललं. मग फोटो बंद. बॅटरीचं व्होल्टेज मात्र दर दहा मिनिटांनी बिनचूक येत होतं. एसएसएचने (दुरून कमांड चालवायची सोय) पायच्या आत जाता यायचं, 'एलएस'ला (फाइलींची छोटी यादी) उत्तर मिळायचं. 'डीमेसेज' (सिस्टिमची लांबलचक नोंद) मारलं की स्क्रीन गोठलीच. चार एमबीच्या फोटोवर आरसिंक (फाइली पाठवणारा प्रोग्राम) लावलं की ३२,७६८ बाइट, शून्य टक्के, आणि तिथेच ठाण.

सकाळी बाबा विचारणार, "काऊन बे, रोही अजून वाटेतच हाय का?"

वाटेतच होता.

माझा पहिला संशय वीजपुरवठ्यावर, कारण त्याच रविवारी बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज पायपुरतं उतरवणारा) बदलला होता. 'गेट थ्रॉटल्ड'ने (पायला वीज पुरते का ते सांगणारी कमांड) ०x५०००५ दाखवलं, म्हणजे त्या क्षणीही व्होल्टेज कमी. लांबलचक यूएसबी केबल फेकून जाड, आखूड लावली, रीबूट केलं. आकडा ०x० झाला. फोटो तरीही ३२,७६८ वरच. एक खरा दोष सापडला, पण आपला नव्हे. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

मग 'एसएस -टीआय' (चालू कनेक्शनचा तपशील) लावून बसलो. एमएसएस (एका सेगमेंटमध्ये, म्हणजे एका खेपेच्या तुकड्यात, मावणारा डेटा) १३६८ बाइट, आणि आरटीओ (पुन्हा पाठवण्याआधीची वाट) दर खेपेला दुप्पट. टीसीपीडंपमध्येही (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) तोच एक सेगमेंट पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी जास्त थांबून. लिनक्स असा पंधरा वेळा प्रयत्न करतं, म्हणून चूक दाखवायलाच पंधरा मिनिटांच्या वर जातात. तोवर आपल्याला वाटतं, नेट हळू आहे.

लहान जातं, मोठं अडतं. इथे ट्यूब पेटायला हवी होती. पेटली दुसऱ्या दिवशी, बैलांना पाणी दाखवताना.

वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० बाइट. पिंगला (पलीकडून उत्तर येतं का ते पाहणारं चाचणी-पॅकेट) तुकडे न करण्याची अट घालून पायवरून सर्व्हरकडे मोजायला लागलो. डेटा १३९२ च्या वर दिला की पाय स्वतःच लगेच म्हणतो, मेसेज फार मोठा. १३९२ दिला की नुसती शांतता. १३०० ला उत्तर. १३४० शांत, १३२० ला उत्तर, असं अर्धं-अर्धं करत १३३२ ला उत्तर आलं आणि १३३३ गडप! नकार मिळतो तिथे आपली मशीन बोलते. शांतता असते तिथे वाटेतलं कोणीतरी पॅकेट गिळतंय आणि 'लहान करून पाठव' हा निरोपही देत नाही.

१३३२ मध्ये आयपी आणि आयसीएमपीच्या (पिंगचा प्रोटोकॉल) हेडरचे २८ बाइट मिळवा: १३६०. पायवरच्या वायरगार्डच्या फाइलीत एमटीयू = १३६० लिहिलं, इंटरफेस खालीवर केला. एमएसएस १३०८ झाला, आरसिंक सुटलं.

आता लाज वाटते ते सांगतो. त्याच रविवारी सिमही बदललं होतं, दुसऱ्या कंपनीची रेंज वावरात बरी म्हणून. लहान पॅकेटची वाट त्या नव्या सिमसोबत आली असणार, पण ते वहीत लिहिलंच नव्हतं. कन्व्हर्टरची नोंद होती म्हणून गुन्हेगार तोच.

सिम पुन्हा बदललं तर हा आकडाही बदलू शकतो, म्हणून 'टीसीपी एमटीयू प्रोबिंग' (पॅकेट गडप होतंय दिसलं की लिनक्स स्वतःच आकार कमी करून पाहतं) १ करून ठेवलं आहे. आरसिंकला ६० सेकंदांचा टाइमआउट आणि 'पार्शल'ही (अर्धवट आलेली फाइल जपून ठेवणारा पर्याय) लावलं.

रांगेतले एकसष्ट फोटो पहाटेपर्यंत उतरले. रोही दोन. बाकी बहुतेक बाबांचा टॉर्च, थेट लेन्समध्ये.