बागेचा कायम निधी

नाशिकमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर झाडे लावण्यासाठी पैसे उभे करणे फारसे अवघड नाही. ५ जूनच्या पर्यावरण दिनापासून शाळा, कंपन्या, गृहनिर्माण सोसायट्या आणि मुलांचे वाढदिवस वेगळ्या रीतीने साजरे करू पाहणारी कुटुंबे स्वतःहून पुढे येतात. रोपे येतात, खड्डे होतात, फोटो निघतात. अवघड काळ सुरू होतो तो पुढच्या फेब्रुवारीत. आळ्यातली माती कडक होऊन भेगाळते, उतारावरचे गवत वाळून एका ठिणगीची वाट पाहत असते, टँकरवाला आगाऊ पैसे मागतो आणि जूनमध्ये मिळालेल्या देणगीतील एक रुपयाही शिल्लक नसतो. बँकेतील नोकरी संपल्यावर मी एका लहान सार्वजनिक न्यासाचे हिशेब सांभाळू लागले. त्या वह्यांवरून माझे एक मत पक्के झाले आहे. उद्यान असो वा राखलेला डोंगर, तो टिकतो देखभालीच्या पैशावर, आणि हा पैसा दरवर्षी न चुकता उपलब्ध ठेवणे हेच न्यासाचे पहिले काम आहे.

महाराष्ट्रात असे काम करणाऱ्या बहुतेक संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली स्थापन झालेल्या संस्थाही आपल्या राज्यात न्यास म्हणून नोंदल्या जातात. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि न्यासाच्या नावावरची स्थावर मालमत्ता आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. नव्या कार्यकर्त्यांना हा कागदोपत्री व्याप जाचतो. मला मात्र तो हवाच वाटतो, कारण लोकांनी झाडांसाठी दिलेला पैसा झाडांवरच खर्च झाला, हे दाखवायला लेखापरीक्षित ताळेबंदाइतका भक्कम पुरावा आपल्यापाशी दुसरा नाही.

अनेकांना वाटते की बागेच्या फाटकावर ज्या न्यासाचे नाव आहे, त्याचीच ती जागा असते. बहुतेक वेळा तसे नसते. शहरातील उद्यानाची जमीन महापालिकेची असते, डोंगर वनखात्याचा असतो आणि न्यास सामंजस्य करार करून ठरावीक मुदतीपुरती जबाबदारी घेतो. करारात पहिल्या पानावरच्या उद्दिष्टांपेक्षा मागच्या पानांवरची कलमे महत्त्वाची असतात: नळजोडणी कोणाच्या नावावर, विजेचे बिल कोण भरणार, फांदी पडून कोणी जखमी झाले तर उत्तरदायी कोण, आणि मुदत संपल्यावर न्यासाने बसवलेल्या ठिबकच्या नळ्यांचे आणि पाण्याच्या टाकीचे काय होणार. ही कलमे मोघम ठेवलेली बाग मुदत संपताच अनाथ होते, आणि अशा बागा आपल्या शहरात शोधायला लांब जावे लागत नाही.

आता पैशाकडे वळते. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि पर्यावरणाचा समतोल, वनस्पती व प्राण्यांचे रक्षण ही कामे त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहेत. या पैशाने आपल्या जिल्ह्यात चांगली कामे झाली आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याला दोन मर्यादा आहेत आणि त्या देणगी मागायला जाण्याआधी प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक असायला हव्यात. एक म्हणजे एखाद्या चालू प्रकल्पाची मुदत, तो सुरू झाला ते आर्थिक वर्ष सोडून, तीन वर्षांपलीकडे जात नाही. दुसरी अधिक खोलवर परिणाम करणारी आहे: २०२१ च्या सुधारणेनंतर कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ उत्पन्न वापरायच्या ठेवीत, दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. म्हणजे कुंपण, विहीर, पायवाट, लागवड यांसाठी कंपनीचा पैसा मिळतो. पुढच्या वीस वर्षांच्या माळ्यासाठी ठेव म्हणून तो मिळत नाही.

ती ठेव उभी राहते ती सामान्य माणसांच्या देणग्यांतून. देणगीदारांच्या तोंडी ‘ऐंशी जी’ म्हणून बसलेली आयकर सवलत नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या देणगीवर साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट देते, मात्र २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्याला तर ती मुळीच नाही. त्यामुळे कर वाचतो म्हणून देणारे कमी होत चालले आहेत, आणि जे देतात ते कामावर जीव आहे म्हणून देतात. एका निवृत्त शिक्षिकेने धनादेशासोबत पाठवलेले चार ओळींचे पत्र माझ्या फायलीत आहे: नावाची पाटी नको, मुद्दलाला हात लावू नये, येणारे व्याज एप्रिल-मेच्या पाण्यावर खर्च करावे. हिशेबनीसाच्या दृष्टीने याहून चांगली देणगी नाही. रक्कम कायम निधीसाठी आहे असे देणाऱ्याने लेखी कळवले असेल, तरच ती तशी वेगळी धरता येते आणि आयकराच्या नियमांत बसणाऱ्या ठेवींत गुंतवता येते. उरलेल्या उत्पन्नातील किमान ८५ टक्के त्या-त्या वर्षी उद्दिष्टांवर खर्च करणे अपेक्षित असते.

या पत्रातील अट आपल्या शहराला नवी नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी कोरवून घेतलेला लेख आहे आणि त्यात ३,००० कार्षापणांच्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांच्या, देणगीची व्यवस्था लिहून ठेवली आहे. ती रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती दिली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ती ठेवली: एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक या दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे, ही अट दगडात आहे. २,००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेख सांगतो की वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत. हिशेब तंतोतंत जुळतो. ही सगळी व्यवस्था निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून तिची रीतसर नोंद केल्याचेही त्यात म्हटले आहे. त्याच लेण्यातील आणखी एका लेखात उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे निवारे बांधल्याचा आणि उद्याने, तलाव व विहिरी केल्याचा उल्लेख आहे. ३,००० कार्षापणांची ती ठेव भिक्षूंसाठी होती, उद्यानांसाठी नव्हती, हे खरे. पण देणाऱ्याच्या पश्चातही देणगी काम करत राहावी यासाठी लागणारे सगळे, म्हणजे अभंग मुद्दल, विश्वासू धारक, ठरलेला दर, ठरलेला उपयोग आणि जाहीर नोंद, त्या एका लेखात आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या नेहरू वनोद्यानाच्या विकासात अलीकडच्या काळात टाटा ट्रस्ट्सचा हातभार लागला. वर लेणी पाहायला जाणाऱ्या प्रत्येक नाशिककराने त्या लेखासमोर थोडा वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते.

आजच्या भाषेत मांडायचे तर ५० लाखांच्या कायम निधीवर ७ टक्के दराने वर्षाला साडेतीन लाख मिळतात, म्हणजे महिन्याला सुमारे २९ हजार. एवढ्यात एक माळी आणि उन्हाळ्यातील पाणी कसेबसे भागते. त्यातूनही काही भाग मुद्दलात परत घालावा लागतो, अन्यथा महागाईमुळे दरवर्षी त्याच व्याजात येणारे पाणी कमी होत जाते. म्हणून छोट्या न्यासाने पाच ठिकाणी लागवड करण्यापेक्षा एक जागा नीट राखावी, हे मी बैठकीत पुन्हा पुन्हा सांगत असते.

हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नियोजित शहराने राबवली. १९९२ मध्ये तेथील उद्याने ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका स्वतंत्र न्यासाकडे सोपवली गेली आणि त्यांच्यासोबत भाड्याचे उत्पन्न देणारी व्यापारी मालमत्ताही दिली गेली, त्यामुळे गवत कापायला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहिला नाही. न्यूयॉर्कच्या ८४३ एकरांच्या सेंट्रल पार्कची देखभाल १९८० मध्ये स्थापन झालेली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी शहराशी करार करून करते आणि खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून उभा करते. तिने बाग ४९ विभागांत वाटून प्रत्येक विभाग एका माळ्याच्या जबाबदारीवर दिला, ही गोष्ट मला तिच्या एकूण निधीपेक्षा अधिक अनुकरणीय वाटते. आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे: एम्प्रेस गार्डन १८९२ पासून अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळत आहे आणि प्रवेश तिकीट व जानेवारीतील पुष्पप्रदर्शन हे तिच्या उत्पन्नाचे आधार आहेत.

संवर्धनाच्या कामात पैशाची अडचण वेगळीच असते, कारण तिथे दाखवण्यासारखे फार थोडे घडते. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात आढळते, जिचे शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीखाली लहान कंद, पावसाळ्यात गवतातून वर येणारा बारीक देठ, त्यावर कंदिलासारखे फूल. पाऊस सरला की वर काहीच दिसत नाही. अशा पठारावर झाडे लावणे हे संवर्धन नव्हे, तिथल्या गवताळ अधिवासाची ती हानी आहे. तिथे लागतो पर्यटकांच्या पायवाटा आखून देणारा आणि कंद खणणाऱ्याला हटकणारा माणूस, फुलोऱ्याच्या दिवसांत नोंदी ठेवणारा अभ्यासक, आणि होळीच्या आधी जाळरेषा काढणारे मजूर. जाळरेषेचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते: उतारावर ठरावीक रुंदीचा पट्टा आखून त्यातले वाळलेले गवत कापायचे आणि वारा पडलेला असताना ते सावधपणे जाळून टाकायचे, म्हणजे पुढे वणवा लागला तरी तो त्या मोकळ्या पट्ट्याशी अडतो. मजुरीचा खर्च बराच येतो आणि काम नीट झाले तर मे महिन्यात डोंगर होता तसाच दिसतो. देणगीदाराला पाठवायच्या अहवालात त्याचा फोटो काय लावणार? तरीही माझ्या मते या खर्चाला लागवडीच्या आधी जागा मिळाली पाहिजे.

न्यासांना या कामात कायद्यानेही स्थान दिले आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखालील संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींबरोबर वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. आपल्या जिल्ह्यात बोरगड २००८ मध्ये राज्यातील पहिले संवर्धन राखीव ठरले, २०१७ मध्ये अंजनेरीला तो दर्जा मिळाला, आणि येवल्याकडे काळविटांसाठी ममदापूर आहे. अशा समितीत खुर्ची मिळाल्यावर बोलण्यासाठी हाती नोंदी लागतात, आणि नोंदींसाठी पुन्हा वर्षानुवर्षांचा पैसा. २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वरला महाराष्ट्रातील पहिल्या रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला, त्यामागेही दीर्घकाळ झालेल्या पक्षिनोंदींचे बळ होतेच.

एक धोका मात्र मला सतत जाणवतो. न्यास चांगले काम करू लागला की महापालिका तिथला माळी दुसरीकडे हलवते, आणि देणग्या नैसर्गिकपणे सुखवस्तू वस्त्यांभोवती गोळा होतात. गंगापूर रोडच्या बागेला दाता मिळतो. सिडकोतल्या किंवा वाघाडीकाठच्या मोकळ्या भूखंडाला तो शोधावा लागतो. उद्याने राखणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे आणि न्यासाचा पैसा त्या कर्तव्यावरची भर असला पाहिजे, बदली नव्हे. करारात महापालिकेने किती मजूर आणि किती पाणी देत राहायचे हे आकड्यात लिहून घेणे, हा त्यावर मला माहीत असलेला एकच व्यवहार्य उपाय आहे.

आमच्या न्यासाने यंदापासून एका झाडाची देणगी ठरवताना रोप, खड्डा आणि खत यांच्यासोबत पहिल्या तीन उन्हाळ्यांचे पाणी आणि राखणदाराच्या पगारातील वाटा धरूनच रक्कम सांगायची, असा ठराव केला आहे. आकडा पूर्वीपेक्षा बराच मोठा दिसतो, त्यामुळे काही देणगीदार माघारी फिरतील आणि यंदा झाडे कमी लागतील, हे विश्वस्तांनी ठराव करतानाच मान्य केले आहे. देणगीच्या अर्जावर कायम निधीसाठी वेगळा रकाना ठेवला असून त्याखाली सहीसाठी जागाही सोडली आहे.