शेवटी काहीतरी लिहून झालं!

बरेच दिवस ब्लॉग ओस पडलाय. आमच्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर लिहायचं डोक्यात होतं. १९३०चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ची येरवडा तुरुंगातली फाशी, सगळं वाचून झालंय. पण विषय एवढा मोठा की पहिलंच वाक्य सुचेना. लिहायचं, खोडायचं, चहा प्यायचा. बास!

आज वैतागून अशोक चौकाकडे निघालो. पुढच्या एका बोळात यंत्रमागांचा खडखडाट. एक मामा टॉवेलच्या मागावर. धागा तुटला तसा माग बंद केला, वाकून तुटलेलं टोक शोधलं, दोन बोटांत गाठ मारली, माग पुन्हा चालू. हे करताना शेजारच्याशी तेलुगूतल्या गप्पा चालूच. (यातून लेखनाचा धडा वगैरे काढणार नाहीये, घाबरू नका.)

तिथंच पायरीवर बसून मोबाईलवर दिसेल ते टिपायला लागलो. मामांनी विचारलं, "काय लिहलालाव ओ?"
"तुमच्याबद्दलच."
"मग पगार कमी हाय, ते पण लिवा की!"

लिहिलंय, मामा. घरी येऊन फक्त शुद्धलेखन तपासलं आणि टाकलं ब्लॉगवर. हुतात्म्यांचा लेखही होईल, पण तुकड्यातुकड्यानं. आता कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही. बोलावतायत घरातले.